खिडकीजवळची जागा

आमच्या कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या अहवालावर ज्या बाईचा फोटो आहे, तिचं नाव हजेरीतून मी कमी केलेलं आहे. फोटोत तिनं काळा चष्मा घातलाय, खांद्यावर कंपनीची शाल आहे आणि ती जराशी डावीकडे बघतेय, कारण फोटोवाल्यानं तसं सांगितलं होतं. अहवाल गुळगुळीत कागदावर छापलाय. त्याची एक प्रत माझ्या टेबलावर असते. भेटायला आलेला माणूस ती उचलतो, चाळतो आणि म्हणतो, चांगलं काम करताय तुम्ही लोक. मी चहा मागवतो.

मी मूळचा नांदेडचा. घर, बायको, मुली तिकडे. नोकरी लातूरला, डाळमिलमध्ये. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं नांदेड, रविवारी संध्याकाळच्या एसटीनं लातूर, असं वीसेक वर्षं चाललंय. लागलो तेव्हा टाइमकीपर होतो. मग पर्सोनेल ऑफिसर झालो, मग एचआर मॅनेजर. काम तेच राहिलं, कोण आलं आणि कोण नाही ते लिहिणं. खुर्ची तेवढी फिरती मिळाली.

मिल तेव्हा आप्पांची होती. आप्पा म्हणजे थोरले मालक. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, सोमवारी उपास. दर सोमवारी मिल सुरू होण्याआधी ते निवडणीच्या हॉलच्या दारात डाळीचं पोतं उघडून उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पदरात एक माप डाळ घालायचे. याला मिलमध्ये सोमवारचं माप म्हणत. एका दिवाळीत बोनसवरून बायका चिडल्या होत्या, चार दिवस काम बंद होतं, तरी सोमवारी माप झालं. आप्पांनी घातलं, बायकांनी घेतलं, आणि पुन्हा फाटकाबाहेर जाऊन बसल्या. माणसं कशी सांभाळावीत याचं मी पाहिलेलं एवढंच शिक्षण. पुढे पुष्कळ शिबिरं केली, पण ती जेवणासकट विसरलो.

आप्पा देवमाणूस होते असं मात्र मी म्हणणार नाही. दर दिवाळीला सगळ्या बायकांची नावं हजेरीतून कमी करायची आणि पंधरा दिवसांनी नवीन नेमणूक दाखवून पुन्हा चढवायची, ही युक्ती त्यांच्याच काळातली. म्हणजे कुणाची नोकरी सलग भरत नाही आणि कायम करा म्हणून कुणी दारात येत नाही. वकिलानं सांगितलं, आप्पांनी मान्य केलं, मी लिहिलं. आम्ही त्याला ब्रेक म्हणायचो. बायका म्हणायच्या, दिवाळीची सुट्टी. नाव कमी होणं आणि पुन्हा लागणं हे त्यांना सवयीचं झालं होतं, घरात सुतक पडावं आणि फिटावं, तसं. पुढे जे झालं ते या सवयीमुळे झालं.

निवडणीच्या बायकांची मुकादम होती अक्का. उदगीरकडची, बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचे, म्हणून सगळ्यांचीच ती अक्का. वय पन्नाशीच्या पुढे, नवरा नाही, लेक आणि तिचं पोर हिच्याजवळच राहतात. तुरीची डाळ भरडून, चाळून हॉलमध्ये आली की बायका ओळीनं सुपं घेऊन बसायच्या. खडा, काळा दाणा, साल लागलेली डाळ बोटानं उडवायची. अक्काची जागा पहिल्या रांगेत, खिडकीजवळ. उजेड तिथं चांगला. त्या जागेवर दुसरी कुणी बसत नसे. अक्का बाजारला गेली असली तरी जागा रिकामी राहायची.

आप्पा गेले आणि धाकट्या मालकांनी कारभार घेतला. पुण्यात शिकून आलेले. मिलच्या अंगणात वाळवणावर खेळताना मी त्यांना दोनदा उचलून घरी पोचवलंय, म्हणून मला ते काका म्हणतात. मी त्यांना सर म्हणतो. माणूस वाईट नाही. त्यांनी बायकांसाठी पंखे लावले, संडास बांधले, माझ्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला. मिलची कंपनी झाली, तेलाचा कारखाना जोडला गेला, नफा एका हद्दीच्या वर गेला, आणि मग त्यातला काही भाग समाजासाठी खर्च करणं कायद्यानं आलं. हे काम कुणाकडे, तर माझ्याकडे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

पहिल्या वर्षी मी आपलं भाबडेपणानं सोमवारचं माप त्यात लिहिलं. पुण्याहून एक सल्लागार यायचे, त्यांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, स्वतःच्या कामगारांना दिलेलं समाजकार्यात धरत नाहीत. लाभार्थी बाहेरचा पाहिजे. मी विचारलं, मग ह्या बायका कोण? ते म्हणाले, ह्या तुमच्या आहेत ना, हाच तर प्रॉब्लेम आहे. त्या वर्षापासून सोमवारचं माप बंद झालं. त्याऐवजी कंपनीचं नाव छापलेली डाळीची पाकिटं बाहेरच्या लाभार्थ्यांना द्यायची ठरली. बायकांना मी सांगितलं तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, "आप्पासंगं गेलं म्हणायचं."

दुसऱ्या वर्षी मोतीबिंदूचं शिबिर ठरलं. जळकोट तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात तपासणी, मग रुग्णांना गाडीनं लातूरला आणून दवाखान्यात ऑपरेशन, दोन दिवसांनी परत सोडणं. दवाखान्याशी बोलणं मीच केलं, मंडप मीच सांगितला. तारीख मात्र धाकट्या मालकांच्या सोयीनं धरली, आणि ती नेमकी सोयाबीनच्या सुगीत आली. सुगीत मराठवाड्यात कोण डोळे दाखवायला येतं? म्हातारीसुद्धा खळ्यावर राखणीला असते. आदल्या आठवड्यात गावोगाव फिरलो. लोक पाणी द्यायचे, हाव, येतो की म्हणायचे, नाव लिहू द्यायचे आणि वर म्हणायचे, दिवाळी झाल्यावर ठिवा की साहेब. यादी अर्धीच भरली. सल्लागारांचा रोज फोन यायचा. दवाखान्याचे दोन दिवस राखून ठेवले होते, बॅनर छापून झाले होते.

त्याच आठवड्यात सुपरवायझरनं सांगितलं, पहिल्या रांगेच्या मालात काळे दाणे राहायलेत. मी हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो. निवडणीत मला काही कळतं असं नाही, पण माणसं बघायची सवय आहे. थोड्या वेळानं लक्षात आलं की अक्काचं सूप झालं की शेजारची बाई ते हळूच ओढून घेते, त्यावरून एकदा हात फिरवते आणि मगच पुढे सरकवते. अक्का खडे बरोबर काढत होती, ते बोटाला लागतात. काळा दाणा बोटाला वेगळा लागत नाही. अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरला होता. अख्ख्या रांगेला माहीत होतं, आणि रांगेनं ते मला कळू दिलं नव्हतं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी ऑफिसात येऊन बसलो आणि मला एकदम मोकळं वाटलं. खोटं का सांगू, अक्काचे डोळे जाताहेत याचं दुःख नंतर झालं, आधी यादी भरेल याचा आनंद झाला. चौकशी केली तर हॉलमधल्या आणि वाळवणावरच्या मिळून अकरा बायका निघाल्या, कुणाचा एक डोळा, कुणाचे दोन्ही. अडचण एकच, त्या आमच्या होत्या. आणि त्यावरचा उपाय तर माझ्या हाताला वर्षानुवर्षं सवयीचा होता. नाव कमी करायचं. दिवाळीचा ब्रेक तसाही महिन्याभरावर आला होता, तो जरा आधी द्यायचा. बाई कामगार नाही म्हटल्यावर ती लाभार्थी. ऑपरेशन झालं, दिवाळी झाली, की पुन्हा चढवायचं. मला ही युक्ती फार आवडली. सल्लागारांनाही आवडली.

अक्काला ऑफिसात बोलावलं. ती उभीच राहिली. मी डोळ्यांचं काढल्यावर तिचा चेहरा पडला.

"कुणी सांगितलं तुमास्नी?"

"कुणी नाही. मी बघितलं."

"मी बोटानं निवडती साहेब. माल खराब जात न्हाई. दोन डाव जास्तीचं बघती मी."

"अक्का, तुम्हाला काढायला बोलावलं नाही. ऑपरेशन करून घ्या. फुकट आहे, गाडी आपली आहे."

तिला भीती डोळ्यांची नव्हती, जागेची होती. एकदा महिनाभर उठलं की दुसरी बसते, हे तिनं मुकादमकीत दुसऱ्यांच्या बाबतीत केलेलंच होतं. मी तिला ब्रेकचं समजावून सांगितलं. दरसाल होतं तेच, फक्त थोडं लवकर.

"आन् माझी जागा?"

"खिडकीजवळची जागा तुमचीच. माझा शब्द."

"लेकीला सांगू का तसं?"

"सांगा."

तिनं अर्जावर अंगठा दिला. स्वेच्छेनं काम सोडत आहे, असा त्यावरचा मजकूर होता. दरवर्षीचा छापील कागद. तिनं दिला म्हणून बाकीच्या दहा जणींनी दिला. मला वाटतं, मी एकट्यानं म्हटलं असतं तर दिला नसता.

तेव्हा मला पुढचं माहीत होतं का? लोक विचारत नाहीत, पण मीच मला विचारतो. डाळीतले रंग ओळखणारं मशीन घ्यायचं बोलणं वर्षभर चालू होतं. कॅमेऱ्यानं दाणा बघतं आणि हवेच्या फुंकरीनं काळा दाणा बाजूला उडवतं. नवी तूर बाजारात यायच्या आत ते बसवायचं, असं माझ्यासमोर बोलणं झालं होतं. पण मिलमध्ये दहा गोष्टींचं बोलणं होतं, त्यातली एक घडते. मशीन आलं तरी बायका लागतीलच, असं मी धरून चाललो. धरून चालायला सोपं होतं म्हणून धरलं.

शिबिर चांगलं झालं. शाळेच्या व्हरांड्यात मंडप, धाकट्या मालकांचं भाषण, शाली. आमच्या अकरा जणींना पहाटे मिलच्याच टेम्पोतून तिकडे नेलं, तिथं तपासलं आणि बाकीच्यांबरोबर पुन्हा लातूरला ऑपरेशनला आणलं. लातूरच्या बायका लातूरच्या दवाखान्यात नेण्यासाठी जळकोटला फिरवून आणल्या, कारण यादीत गाव तिकडचं होतं. टेम्पोत त्या गाणी म्हणत होत्या. त्यांना कधी नव्हे ती सहल झाली. दुसऱ्या दिवशी अक्काची पट्टी सुटली तेव्हा मी तिथं होतो. तिनं आधी स्वतःचे हात बघितले, उलटे करून, सुलटे करून. मग म्हणाली, "लई भेगा पडल्यात की." फोटोवाल्यानं तिला चष्मा घालून डावीकडे बघायला सांगितलं. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात दवाखान्यानं केलं. तेवढा शब्द पाळला गेला, त्यात माझं काही नव्हतं.

दिवाळीनंतर कंपनीनं आम्हा दहा-बारा अधिकाऱ्यांसाठी नेतृत्वाचं शिबिर ठेवलं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हाला गोल उभं केलं. शिकवणाऱ्या बाईंनी लोकरीचा गुंडा दिला. ज्याच्याकडे गुंडा येईल त्यानं धागा बोटाला धरून दुसऱ्याकडे फेकायचा आणि त्याच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. शेवटी सगळ्यांच्या मध्ये जाळं झालं. बाई म्हणाल्या, एकानं धागा सोडला तर सगळं सैल पडतं, हे लक्षात ठेवा. धाकट्या मालकांनी गुंडा माझ्याकडे फेकला होता. म्हणाले, काकांनी आजवर मला कधी अडचणीत आणलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धागा बोटाला गुंडाळून उभा होतो.

जेवणाच्या आधी मालकांनी मला आणि प्रॉडक्शनवाल्याला बाजूला घेतलं. मशीन बंदरात आलंय, पंधरा दिवसांत बसेल. निवडणीला आता मोजक्याच बायका लागतील. मालक म्हणाले, "काका, मला कुणालाही काढायचं नाहीये. घरी जा म्हणायला मला जमणार नाही. पण ज्या शिबिरासाठी आधीच ब्रेकवर गेल्यात त्यांना परत घेऊ नका, बस. अर्ज तर आहेतच ना त्यांचे?"

"आहेत," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. तिथं बोलायला जागा होती. शब्द दिलाय, असं सांगता आलं असतं. अक्का नसती तर ह्या अकरा जणींतली एकही शिबिराला आली नसती, मग तुमचा फोटो कुठून आला असता, असंही म्हणता आलं असतं. मालक ऐकणारे आहेत. त्यांनी कदाचित अक्काला तरी घेतलं असतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग आपला गाल आपल्या हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं मला झालं होतं. मी ताट घेऊन रांगेत उभा राहिलो. गुलाबजाम होते, मी दोन घेतले.

त्या शनिवारी नांदेडला बायकोनं विचारलं, शिबिर कसं झालं? मी म्हटलं, लोकरीचा गुंडा फेकायचा होता. ती हसली. पुढचं मी सांगितलं नाही.

अक्का आली ती सोमवारीच, नेहमीच्या वेळेला, डबा घेऊन. दहाही जणी मागे होत्या. वॉचमननं फाटकावर थांबवलं आणि मला फोन केला. मी गेलो. जाताना वाटेत वाक्यं जुळवली होती: कंपनीचं नवं धोरण, सध्या भरती बंद, गरज लागली की आधी तुम्हालाच. ती वाक्यं मी बोललो. बाकीच्या बायका एकदम कालवा करायला लागल्या. अक्कानं हात वर केला, तशा गप्प बसल्या.

"शब्द दिल्ता न्हवं साहेब?"

"दिला होता."

"मंग?"

"माझ्या हातात नाही अक्का."

तिनं वाद घातला नाही. तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, "लेकीला सांगून बसले मी." मग बायकांना हळूच काहीतरी म्हणाली आणि सगळ्या जणी रस्त्यानं एका रांगेत निघून गेल्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या. माझी त्याची तयारीही होती.

मशीन बसलं. हॉलमध्ये धूळ नको म्हणून पहिल्या रांगेजवळची खिडकी विटा लावून बुजवली. मशीनला उजेड लागत नाही, त्याचा स्वतःचा असतो. अहवाल छापून आला, सल्लागारांनी फोन करून अभिनंदन केलं, मुखपृष्ठाचं विशेष कौतुक झालं.

मग पाकिटांचं वाटप सुरू झालं. शिबिरातल्या लाभार्थ्यांना दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डाळीचं एक पाकीट, मिलच्या फाटकाजवळ टेबल मांडून. जळकोटकडचे लोक एका पाकिटासाठी एवढ्या लांब कशाला येतील? पहिल्या सोमवारी आल्या त्या आमच्याच. नाव कमी झालं नसतं तर हे पाकीट त्यांना मिळालं नसतं, हा विचार मला टेबलाशी बसल्यावर आला, आणि मी तो तसाच ठेवला. टेबलावर रजिस्टर, शाईचा पॅड आणि एक फॉर्म होता. फॉर्ममध्ये लाभार्थ्याला विचारायचे तीन प्रश्न होते.

अक्का रांगेत शेवटी उभी होती. तिच्या डोळ्यांवर आता चष्मा नव्हता. डोळे स्वच्छ दिसत होते. मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला, नीट दिसतं का?

"दिसतंय की. समदं दिसतंय."

मी रकान्यात खूण केली आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं. तिनं ते तिथंच दातानं फाडलं, पदर पसरला आणि डाळ पदरात ओतली. आप्पांच्या मापासाठी धरायची तसाच पदर. मग उभ्या उभ्याच तिची बोटं डाळीवरून फिरली. काही फार शोधलं असं नाही, निवडणाऱ्या बाईच्या हाताला ते थांबवता येत नाही. एक दाणा तिनं चिमटीत उचलला आणि माझ्या रजिस्टरवर ठेवला. दाणा नव्हे, खडा होता. डाळीसारखाच पिवळा. मशीन रंग बघतं, आणि रंग तर तोच होता.

"खिडकीजवळ आता कोण बसतंय साहेब?"

"कुणी नाही. खिडकी बुजवली."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मोती असताना ती माझ्या आवाजाकडे बघून बोलायची, हे मला तेव्हा कळलं.

"मंग ह्यो खडा कुणाला दिसावा?"

मी रजिस्टर पुढे केलं. तिनं खडा बाजूला सारला आणि अंगठा दिला. डाळ पदरात घट्ट बांधून ती गेली.

त्या शनिवारी मी पाकीट घेऊन नांदेडला गेलो. आम्हा अधिकाऱ्यांनाही एकेक देतात. बायकोनं डाळ निवडायला सूप घेतलं तेव्हा मी म्हटलं, मशीनची आहे, निवडायची गरज नाही. तिनं तशीच शिजवली. जेवताना मी सावकाश चावत होतो. एकेक घास, दोन्ही बाजूंच्या दाढांखाली. ती म्हणाली, आज काय झालंय तुम्हाला? मी म्हटलं, काही नाही. दाताखाली खडा यावा म्हणून मी वाट बघत होतो, निदान कळ तरी आली असती. ताट संपलं, खडा आला नाही.